सीजेडीचा संशय आणि घरातले हातमोजे

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आईंना धूसर दिसायला लागलं, मोतीबिंदू काढून झाला तरी फरक नाही, मग घरातल्या घरात वाट चुकायला लागल्या, आणि आता एमआरआयवर 'सीजेडीची शक्यता' असं लिहून आलंय, म्हणजे मेंदू झपाट्याने निकामी करणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार. तुम्ही विचारलंय ते एवढंच, की नातवाला त्यांच्याजवळ जाऊ द्यायचं का.

आमच्या अण्णांचं पाच वर्षांपूर्वी असंच झालं. सुरुवात डोळ्यांपासून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसकट. याला हायडेनहाइन प्रकार म्हणतात. डोळे ठीक असतात, बिघाड मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात असतो. तेव्हा ऑपरेशन केलं म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका. फक्त त्या नेत्ररुग्णालयाला आताचा संशय कळवून ठेवा, हत्यारांचं काय करायचं ते त्यांचे ते बघतील.

मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत हिशेब लिहितो. हा आजार प्रायॉनमुळे होतो, म्हणजे घडी बिघडलेल्या आणि शेजारच्यांनाही बिघडवणाऱ्या प्रथिनामुळे, हे तुम्ही एव्हाना वाचलं असेलच, जास्त त्यात शिरत नाही. आम्हाला सगळ्यात महागात काय पडलं ते सांगतो.

एका मोठ्या रुग्णालयात अण्णांच्या फायलीवर लाल शाईत 'संसर्गजन्य' असं लिहिलं. कशातून होतो, कुणाला होतो, विचारलं तर काउंटरवरून एकच उत्तर, "प्रोटोकॉल आहे." डॉक्टर राउंडला आले की मिनिटभरात गायब. मावशी चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवून जायच्या. मग मी रात्री मोबाइलवर शोधत बसलो, आणि सापडलं ते सगळं प्रयोगशाळेतलं. हत्यारं निर्धोक करायला 134 अंशांच्या वाफेत 18 मिनिटं, नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात तासभर. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मेंदूसुद्धा धोकादायकच. फ्रान्समध्ये 2010 साली प्रायॉनवर काम करणाऱ्या एका तरुण मुलीच्या अंगठ्यात हातमोज्यांतून चिमटा घुसला आणि 2019 मध्ये ती गेली. 2021 मध्ये तिथल्या सरकारी संशोधन संस्थांनी हे काम काही काळ थांबवलंच होतं. पहाटे तीनला हे वाचलेला माणूस दुसरं काय करणार? सकाळी मेडिकलमधून हातमोज्यांचं खोकं घेऊन आलो.

सहा आठवडे अण्णांना वरणभात हातमोजे घालून भरवला. पोरांना दारातच थांबवलं. बहीण बाळाला घेऊन येणार होती, तिलाही नको म्हटलं. एका दुपारी, दिसणं जवळजवळ गेलेलं असताना, त्यांनी चाचपत माझा हात धरला. बोटं रबरावर फिरली. मनगटाशी मोज्याची गुंडाळलेली कड लागली, ती धरून भुईमुगाची शेंग सोलावी तसा तो मोजा सोलायला लागले. मी हात काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी उघड्या हातांनी अण्णांना तपासलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे कशासाठी?" तेव्हा कुठे कळलं. धोका असतो तो मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या मागच्या भागातल्या ऊतींचा, तोही त्या दुसऱ्याच्या शरीरात गेल्या तर. मेंदूच्या शस्त्रक्रियेची हत्यारं, मृताच्या मेंदूवरच्या आवरणाचे कलम, मृतांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून काढलेलं वाढीचं हार्मोन, अशा वाटांनी लोकांना झालाय. ब्रिटनमध्ये गोमांसातून आलेला प्रकार वेगळा, त्यात 178 माणसं गेली. शंभरातल्या साधारण 85 रुग्णांना हा कुणाकडूनही आलेला नसतो, आपोआप होतो. जेवू घालणं, अंघोळ घालणं, कुशीत घेणं, यातून पसरत नाही. ती लाल शाई पाठीतलं पाणी काढणाऱ्यासाठी आणि ऑपरेशन थिएटरसाठी होती. हे एक वाक्य सांगायला त्या रुग्णालयात कुणाला सवड नव्हती. पाच वर्षं झाली, राग गेला नाही.

आता तपासण्या. (माझं मत, निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.) आधी ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटून येणारी सूज, नाही ना, हे नीट बघून घ्यायला लावा. तो दिसायला असाच असू शकतो आणि बरा होऊ शकतो. आमच्याकडे त्यात तीन आठवडे फुकट गेले, कारण सगळे पाठीतल्या पाण्यातल्या 14-3-3 नावाच्या प्रथिनाच्या रिपोर्टवर विसंबले. ते प्रथिन झटके, पक्षाघात, मेंदूची सूज यांतही वाढतं. खरी चाचणी आरटी-क्विक. प्रयोगशाळेत बनवलेल्या सरळ प्रायॉन प्रथिनात रुग्णाच्या पाठीतल्या पाण्याचे काही सूक्ष्म थेंब घालून ते हलवत ठेवतात. बिघडलेलं प्रथिन असेल तर ते बाकीच्यांनाही आपल्यासारखं करतं आणि रंगद्रव्य चमकायला लागतं. पॉझिटिव्ह आली की जवळजवळ नक्की, निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं मात्र नाही. पाण्यात रक्त उतरलं तर चाचणी फसू शकते, तेव्हा स्वच्छ नळीच पाठवा असं आवर्जून सांगा. नमुना कुठे पाठवायचा ते डॉक्टरांना बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत विचारायला सांगा, तिथे या रुग्णांची नोंद ठेवतात.

औषधांबद्दल नातेवाईक व्हॉट्सअॅपवर काय काय पाठवतील. क्विनाक्रिन आणि डॉक्सिसायक्लिन, दोन्हींच्या रीतसर चाचण्या झाल्या, दोन्हींनी आयुष्य वाढलं नाही. प्रायॉन प्रथिनाचं उत्पादनच कमी करणाऱ्या औषधाची चाचणी परदेशात सुरू झालीय. या कामामागे सोनिया वल्लभ आणि एरिक मिनिकेल या जोडप्याची धडपड मोठी आहे. सोनियाच्या आईला प्रायॉनचाच जनुकीय आजार होता आणि तो जनुकीय दोष तिच्यातही आहे. आशा वाटते, पण तुमच्या आईंच्या हातात वर्षं नाहीत, बहुतेक वेळा महिनेच असतात. त्यावर जमीन विकू नका. तुमच्या घरात आधी कुणाला असं झालं असेल तर जनुकीय तपासणीआधी समुपदेशकाशी बोला, भावंडांना न विचारता रक्त देऊ नका.

आणि हो, बँक. सही होतेय तोवर खात्याला दुसरं नाव लावून घ्या. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. माणसाचं भान गेलं की तेही टिकत नाही, असं आमच्या वकिलांनी सांगितलं, आणि ते आम्हाला उशिरा कळलं. पाण्याची गादी लगेच आणा. झटके येतात तेव्हा मोठ्याने दार आपटू नका, दचकून वाढतात.

नातवाला जाऊ द्या. आजीला दिसत नसेल तर त्याला आधी आवाज द्यायला सांगा, मग हात धरायला. हात धुवायचे ते जेवणाआधी, नेहमीसारखे.