४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट : घरी कन्व्हर्टर करणार असाल तर आधी बिघाडाचा विचार करा

तुमची ई-रिक्षा चार बॅटऱ्यांची, ४८ व्होल्टची. तिच्यावर १२ व्होल्टचे दोन पंखे, मोबाईल चार्जिंग आणि टेप चालवायचा आहे, आणि कन्व्हर्टर स्वतः बनवायचा आहे. जरूर बनवा. सोलापूरच्या मे महिन्यात मागे बसलेल्या सवारीला वारा लागावा हा विचारच मला फार आवडला.

तुमच्या मित्राने सुचवलेला, चारपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मार्ग मात्र धरू नका. चारही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे चार्ज करताना चारहींना सारखाच करंट जातो. पंख्यांनी रिकामी केलेली बॅटरी रोज थोडी उपाशी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. बाकीच्या तीन जास्त चार्ज होऊन पाणी उडवतात. वर्षभर टिकणारा सेट काही महिन्यांत बसतो. ७८१२ (१२ व्होल्ट देणारा साधा रेग्युलेटर) लावायचा विचारही सोडा. तो ३५ व्होल्टपर्यंतच चालतो, आणि ४८ चे १२ करताना दर अँपिअरला ३६ वॉट नुसती उष्णता होते. एलएम२५९६ चं स्वस्त तयार कन्व्हर्टर मॉड्यूलही चालणार नाही. ते ४० व्होल्टपर्यंतचंच असतं, आणि चार्जर लागला की तुमचा सेट ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो.

म्हणजे बक कन्व्हर्टरच करायचा : मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच भराभर चालू-बंद करून, कॉइलमधून व्होल्टेज उतरवणारा. १० अँपिअरसाठी, म्हणजे १२० वॉटसाठी, बॅटरीकडून साधारण ३ अँपिअर लागतील. मॉस्फेट १५० व्होल्टचा घ्या. स्विचिंगच्या वेळी उसळी येते, त्यामुळे १०० व्होल्टचा काठावर चालतो. वरच्या बाजूच्या, म्हणजे बॅटरीच्या प्लसकडच्या, एन-चॅनेल मॉस्फेटला आयआर२१०४ सारखा ड्रायव्हर (त्याला चालू-बंद करणारी आयसी) लावा. स्विचिंग ५० किलोहर्ट्झ आणि रिपल (कॉइलच्या करंटमधला चढउतार) ३ अँपिअर धरला तर कॉइल ६० मायक्रोहेन्रीची येते, आणि ती १५ अँपिअरपर्यंत सॅच्युरेट व्हायला, म्हणजे तिचा कोर चुंबकाने भरून जायला नको. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) पिवळी-पांढरी रिंग बहुतेक जण वापरतात. ५० किलोहर्ट्झला ती कशीबशी निभावते, १०० ला चांगलीच तापते.

हीटसिंक सगळे मॉस्फेटला लावतात, पण इथे जास्त तापतो तो डायोड. मॉस्फेट फक्त पाव वेळ चालू असतो, उरलेला पाऊण वेळ सगळा करंट डायोडमधून जातो. १० अँपिअरला त्यात ५ वॉट सहज जातात. शॉटकी (स्वतःवर कमी व्होल्टेज खाणारा डायोड) घ्या, १०० व्होल्टचा, आणि मोठा हीटसिंक आधी त्यालाच द्या. कॅपॅसिटर १०५ अंशांचेच. बाहेर पारा ४० च्या वर असताना सीटखालच्या बंद खोक्यात ८५ अंशांचे फार टिकत नाहीत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. बकमधला मॉस्फेट जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो. मग अख्खे ४८ व्होल्ट थेट पंख्यावर, टेपवर आणि सवारीच्या मोबाईलवर येतात. म्हणून आउटपुटवर क्रोबार हवाच : १५ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर करंट सोडणारा डायोड) आणि २५ अँपिअरचा एससीआर (गेटला करंट मिळताच चालू होणारा स्विच). व्होल्टेज १६ च्या आसपास गेलं की एससीआर आउटपुट शॉर्ट करतो आणि इनपुटचा फ्यूज उडतो. एससीआरच्या गेटवर ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाका, नाहीतर पंखा बंद करतानाच्या झटक्यानेही फ्यूज उडेल.

हा फ्यूज ५ अँपिअरचा आणि बॅटरीच्या प्लसजवळच बसवा, कन्व्हर्टरजवळ नव्हे. मधली वायर कुठे घासली गेली तरी तोच आग वाचवतो. कारचा नेहमीचा ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टचा असतो. ४८ वर तो वितळला तरी आत ठिणगी तशीच चालू राहू शकते. डीसीचं रेटिंग ६० व्होल्टच्या वरचं छापलेलं असेल तोच घ्या, दुकानदार काहीही म्हणो.

हेडलाइट, ब्रेकलाइट आणि हॉर्न कंपनीच्या कन्व्हर्टरवरच राहू द्या. रात्री होटगी रोडला मागून ट्रक येत असताना ब्रेकलाइट जाणं आणि पंखा बंद पडणं यांत फार फरक आहे.

पहिल्यांदा चालू करताना इनपुटला एक बल्ब सिरीजमध्ये लावा; काही शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, मॉस्फेट वाचेल. मग बल्ब काढून आउटपुटला कारचे ५५ वॉटचे दोन हेडलाइट बल्ब जोडा, म्हणजे ९ अँपिअरचा लोड मिळतो. खोकं बंद करून, सीटखाली ठेवून, भर दुपारी दोन तास चालवा. त्यानंतर आधी बॅटरीचं मेन कनेक्शन काढा आणि डायोडच्या हीटसिंकचं तापमान मोजा. ८० अंशांच्या वर असेल तर हीटसिंक मोठा करा, मगच पंखे जोडा.