पगार कोण देतंय ते आधी बघ

तुझा मेल दोनदा वाचला. रात्री दीडला लिहिलायस म्हणजे झोप उडालीये. तालिबानच्या राज्यात मदतीचे पैसे दिले तरी पाप, थांबवले तरी पाप, मग मदत वाटायच्या या नोकरीत जाऊ कशाला, असं विचारतोयस. पाप-पुण्य ठेव जरा बाजूला, मला एवढंच सांग, तिथल्या नर्सचा पगार कोण देतंय?

काबूलला 2002 पासून जागतिक बँक सांभाळायची असा देणगीदार देशांचा एक सामायिक फंड होता, एआरटीएफ म्हणायचो आम्ही, मास्तरांचे, कारकुनांचे पगार त्यातूनही निघायचे. सरकारी खर्चातला जवळपास 75 टक्के पैसा बाहेरचा. ऑगस्ट 2021 ला सरकार पडलं आणि बँकेने पैसे थांबवले. 'सेहतमंदी' नावाचा आरोग्याचा कार्यक्रम होता, 34 पैकी 31 प्रांतांत, दोन हजारांवर दवाखाने, आणि ते चालवत होत्या एनजीओ, तालिबान नव्हे रे, तरी पगार अडकले, औषधं संपत आली. एआरटीएफमधले 28 कोटी डॉलर युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाकडे वळवायचं ठरलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता. तू एक महिना बिनपगारी काम करून बघ, मग मला तत्त्वं सांग.

येमेनमध्ये जरा शहाणपणा झाला. 2015 ला युद्ध पेटल्यावर बँकेने तिथेही हात आखडला होता, पण 2016 पासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत पैसा सोडला, आणि मुख्य म्हणजे 1997 पासून चालत आलेला तिथलाच सामाजिक विकास निधी मोडीत न काढता त्याच्याच माणसांना कामाला लावलं. सुमारे 15 लाख कुटुंबांना रोख पैसे गेले, तेही युद्धाआधीच्या सरकारी यादीवरून. नवी यादी करत बसले असते तर झालंच! पण 2016 लाच येमेनची मध्यवर्ती बँक सनाहून एडनला हलवली आणि शिक्षकांचे पगार जे रखडले ते रखडलेच. परत तेच बघ. पगार.

आता माझं ऐक, हसू नकोस. देणगीदारांच्या पैशांवर प्रोजेक्ट चालवणाऱ्या आमच्या युनिटला माणूस हवा होता म्हणून एका मंत्रालयातला चांगला अकाउंटंट मी डॉलरच्या पगारावर उचलला. सहा महिन्यांनी त्याच मंत्रालयाकडून खर्चाची पत्रकं येईनात, तर कडक पत्रही मीच लिहिलं. असे फोडलेले किती होते, खात्याच्या आत दुसरंच खातं उभं राहिलेलं, आणि प्रोजेक्ट संपला की तेही गेलं. मी तरी काय करणार होतो, ऑडिट डोक्यावर, वरून रोज फोन, माझ्या जागी दुसरा असता तर त्याने दोन उचलले असते! असो. अजून खुपतं.

इंटरव्ह्यूला गुपचूप जा. नाही गेलास तर तुझ्या जागी कोणीतरी जाईलच, आणि तो हा प्रश्न विचारणार नाही. प्रोजेक्ट बंद झाल्यावर तिथल्या माणसाला पगार कोण देणार, एवढंच विचार. समोरचा घड्याळ बघायला लागेल, बघू दे, परत विचार. आणि रात्री दीडला मेल कसले लिहितोस, फोन कर ना, मीही जागाच असतो.