वाचकांचे प्रश्न : पिल्लांना लहानपणीच उष्णतेची सवय

प्रश्न : आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात विक्रीला आलेले मांसल पक्षी दुपारी धापा टाकत मरतात. पिल्ले पाच दिवसांची असताना त्यांना एक दिवस जास्त तापमानात ठेवले, तर पुढे ती उष्णता सोसतात, असे ऐकले आहे. यात तथ्य आहे का, आणि मी हा प्रयोग करावा का?

उत्तर : तथ्य निश्चित आहे, मात्र पिल्लांचे वय, तापमान आणि वेळ या तिन्ही गोष्टी काटेकोरपणे सांभाळल्या तरच त्याचा उपयोग होतो.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते. हवा तापू लागली की तुरा, गळ्याखालची लाल कातडी व पाय यांतून ती उष्णता बाहेर टाकते आणि चोच उघडून धापा टाकत श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ करून शरीर थंड ठेवते. हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचले की पहिला मार्ग निरुपयोगी होतो, आणि हवा दमट असेल तर दुसराही फारसा साथ देत नाही. शरीराचे तापमान ४६-४७ अंशांपर्यंत चढल्यावर पक्षी वाचत नाही. विक्रीच्या वयाचे वजनदार पक्षी सर्वांत आधी दगावतात, कारण झपाट्याने वाढणारे शरीर स्वतःच भरपूर उष्णता निर्माण करते.

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लात तापमान-नियंत्रणाची यंत्रणा पूर्ण तयार नसते. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पहिल्या आठवड्यात अजून घडत असतो. याच काळात पिल्लाला एकदा ठरावीक उष्णता सोसावी लागली, तर त्याचा परिणाम पुढे टिकतो : मोठेपणी कडक उन्हाळा आला तरी अशा पक्ष्याच्या शरीराचे तापमान कमी चढते आणि थायरॉइडच्या टी-३ या संप्रेरकाची पातळी कमी राहिल्याने शरीरात उष्णताही कमी तयार होते. पाचव्या दिवशी २४ तास उष्णता दिलेल्या मांसल कोंबड्यांमध्ये विक्रीपूर्वीच्या उन्हाळी मरतुकीचे प्रमाण घटल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी १९८८ मध्ये मांडले, आणि १९९६ मध्ये इस्रायलमधील याहाव व हुर्विट्झ यांनी ३६ अंशांवर केलेल्या प्रयोगातही असाच लाभ दिसला.

प्रत्यक्षात हे करायचे झाल्यास तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान, एकदाच, २४ तास, सुमारे ३६ ते ३७.५ अंश तापमान ठेवावे आणि नंतर वयानुसार नेहमीच्या तापमानावर परत यावे. केवळ ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाच्या) छत्रीखालची जागा तापवून काहीही साधत नाही, कारण पिल्ले सरळ कडेच्या थंड जागेत सरकतात. पिल्ले असलेला संपूर्ण भाग सारखाच उबदार झाला पाहिजे. तापमापक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, दोन-तीन ठिकाणी टांगावा. छताजवळचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. या २४ तासांत पिल्ले पंख सैल सोडून भुशावर पसरतात, चोच उघडी ठेवतात, खाद्य कमी खातात आणि पाणी पुष्कळ पितात, हे सर्व अपेक्षितच आहे. मात्र हाक मारली किंवा टाळी वाजवली तरी मान न उचलणारी पिल्ले दिसू लागली, तर घड्याळाकडे न पाहता तापमान ताबडतोब उतरवावे. पुढचे काही दिवस वाढ थोडी मागे पडलेली दिसेल. ती पुढे भरून निघते.

माझे स्पष्ट मत असे की, ज्यांना शेडमधील तापमान एका अंशाच्या फरकात राखता येत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. प्रवासाने थकलेल्या, अशक्त अथवा नुकतीच लस दिलेल्या पिल्लांवरही हा ताण लादू नये. सुरुवात एका लहान गटापासून करावी, आणि त्याच तुकडीतील तेवढीच पिल्ले नेहमीच्या पद्धतीने वाढवून दोन्हींच्या वजनाची व मरतुकीची नोंद ठेवावी.

प्रश्न : अंडी उबवतानाच ही सवय लावता येईल का?

उत्तर : त्यावरही संशोधन झाले आहे. उबवणीच्या ७ व्या ते १६ व्या दिवसापर्यंत रोज १२ तास, नेहमीच्या ३७.८ ऐवजी ३९.५ अंश तापमान ठेवण्याची पद्धत अभ्यासली गेली आहे. हे काम अचूक यंत्रे असलेल्या उबवणी केंद्रांचे आहे. घरगुती यंत्रात ते केल्यास अंडी वाया जाण्याचीच भीती अधिक.

प्रश्न : उन्हाळ्यात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते. खाद्यात कॅल्शियम वाढवूनही फरक पडत नाही. असे का?

उत्तर : दोष बहुधा कॅल्शियमच्या कमतरतेचा नसून धापा टाकण्याचा आहे. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि रक्त अधिक अल्कधर्मी होते. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यासाठी लागणारा कार्बोनेट याच वायूपासून बनतो, शिवाय रक्तातील मुक्त कॅल्शियमही घटते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खाद्यात वा पाण्यात सोडियम बायकार्बोनेट दिल्यास मदत होते, पण धापा थांबवल्याखेरीज पुरता उपाय नाही. त्यासाठी पक्ष्यांच्या अंगावरून वाहता वारा हवा. हवा आधीच दमट असताना पाण्याचे बारीक तुषार उडवणारा फॉगर चालवल्याने मात्र त्रास वाढतो.

प्रश्न : कडक उन्हात खाद्य केव्हा द्यावे?

उत्तर : खाल्ल्यानंतर पचनामुळे अंगात उष्णता निर्माण होते, आणि ती काही तास वाढत जाते. सकाळी उशिरा खाल्लेल्या पक्ष्याची अंगची उष्णता आणि दुपारचे ऊन असे दोन्ही एकाच वेळी त्याच्यावर येतात. म्हणून पहाटे लवकर व सायंकाळी उन्हे उतरल्यावर खाद्य द्यावे आणि दुपारच्या तापाआधी भांडी उचलून घ्यावीत. पाणी मात्र क्षणभरही बंद ठेवू नये. उन्हाळ्यात पक्षी खाद्याच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो. टाकी सावलीत ठेवावी, उन्हातून जाणारी नळी झाकावी, आणि दुपारी एकदा नळीतले तापलेले पाणी सोडून देऊन ताजे पाणी पक्ष्यांपर्यंत पोहोचू द्यावे.