बारोलोला गेल्यावर पांढरी वाइन कोणती प्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात दोन दिवस इटलीतल्या बारोलोला जाताय, तुम्हाला तिथली त्याच नावाची रेड वाइन चाखायचीय, पण बायकोच्या घशाखाली रेड उतरत नाही. मग तिने काय नुसतं पाणी प्यायचं?

छे. तिला आर्नेइस द्या, शेजारच्याच भागातली पांढरी वाइन. मी सहा वर्षं तुरीनमध्ये राहतेय, तिथून हा भाग तासाभरावर आहे. आणि खरं सांगू का, आमच्या घरी बारोलोपेक्षा आर्नेइसच्याच बाटल्या जास्त रिकाम्या होतात. (एका बारोलोच्या पैशात आर्नेइसच्या तीन येतात, हेही एक कारण.)

नकाशावर आल्बा शहर शोधा. शेजारून तानारो नदी वाहते. तिच्या उजव्या तीरावर लांगे, म्हणजे बारोलो आणि बार्बारेस्को या रेड वाइनचा भाग. तिथली माती चिकण, चुनखडीची. डाव्या तीरावर रोएरो, आणि तिथे वाळू. फार पूर्वी इथे समुद्र होता, त्यामुळे या वाळूत अजून शिंपले सापडतात. आर्नेइसच्या द्राक्षाला ही वाळू मानवते.

इथल्या पिएमोंते प्रांताच्या बोलीत 'आर्नेइस' म्हणजे वांड पोर. बागेत सांभाळायला त्रासदायक, म्हणून हे नाव. पूर्वी हिची वेगळी वाइन फारसं कोणी करतच नसे. नेब्बिओलोच्या, म्हणजे बारोलोच्या काळ्या द्राक्षांच्या, ओळींत अधूनमधून हिचे वेल लावायचे. ही द्राक्षं आधी पिकतात, गोडही असतात, त्यामुळे पाखरं हिच्यावर तुटून पडायची आणि महागाचे काळे घड वाचायचे. आपल्याकडे बागेवर जाळी टाकतात, यांनी एक अख्खी जातच पाखरांपुढे टाकली होती! उरलेली द्राक्षं रेडमध्येच ढकलायची, तेवढाच तिचा तुरटपणा कमी. अशाने आर्नेइस जवळजवळ संपलीच होती. 1967 मध्ये व्हिएत्ती वाइनरीच्या आल्फ्रेदो कुर्रादोंनी तिची वेगळी ड्राय, म्हणजे गोड नसलेली, वाइन करायला घेतली. तेही बारोलोवालेच. द्राक्षं जमवायला त्यांनी पाद्र्याला गळ घातली, की प्रार्थनेला आलेल्या लोकांना सांगा, आर्नेइस आणून द्या, भाव चांगला देतो. अशी कथा तिकडे सांगतात. 2004 मध्ये रोएरोला डीओसीजी, म्हणजे इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा, मिळाला.

चव कशी? नाशिकची सोविन्यॉ ब्लाँ प्यायली असाल तर तो हिरव्या मिरचीसारखा झणका इथे शोधू नका. आधी नासपती, मग पांढऱ्या फुलांचा वास, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडू बदामाची बारीकशी चव. आंबटपणा बेताचा. पहिल्यांदा प्याल तेव्हा 'एवढंच?' असं वाटेल. दुसऱ्या ग्लासाला कळेल.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. आल्या-आल्या एका दुकानात सवलतीत मिळाली म्हणून पाच वर्षं जुनी बाटली उचलली. जुनी म्हणजे भारी, हा आपला समज! ओतली तर रंग पाणी घातलेल्या मधासारखा, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. शेवटी ती रिसोत्तोत, म्हणजे इटालियन भातात, गेली. काही आर्नेइस मुरवण्यासारख्या असतात, पण दुकानात उभं राहून ते ओळखता येत नाही. तेव्हा मागच्या किंवा त्याआधीच्या वर्षाची घ्या, आणि लेबलवर 'रोएरो आर्नेइस' असं पूर्ण नाव बघा. नुसतं 'रोएरो' असेल तर ती बहुधा नेब्बिओलोची रेड असते. ती तुमच्या कामाची.

बायको शाकाहारी असेल तर सोबत फरिनाता मागवा. हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं धिरडंच ते, फक्त हळद-मिरची नाही. आर्नेइसबरोबर झकास लागतं. मी घरी कोथिंबीर वडीबरोबरही पिते, पण तिखटाचा हात आखडता ठेवून. मिरची जास्त झाली की या वाइनचा वास पार मरतो.

नदी ओलांडायला वेळच नसेल तर बारोलोच्याच हद्दीतल्या नोव्हेल्लो गावात नाशेत्ता नावाची पांढरी मिळते. तीही अशीच विस्मरणातून परत आणलेली. जास्त टिकते, पण शोधावी लागते.

आणि जायच्या आधी फोन करून वेळ ठरवा. सप्टेंबरात आर्नेइसची तोडणी चालू असते, आयत्या वेळी दारात उभं राहिलात तर कोणाला बोलायलाही फुरसत नसते. आत घेतलंच, तर द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकायला मागा.