पोट भरलेले असताना लागणारी भूक

“जेवण झालेले असते, पोटही भरलेले असते, तरी रात्री दहाच्या सुमारास हात फरसाणाच्या डब्याकडे जातोच. माझ्यात निग्रहच नाही का?” खाण्याच्या ओढीवर मदत मागायला माझ्याकडे येणारी माणसे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, आणि आपण खादाड आहोत हे उत्तरही त्यांनी मनाशी पक्के करून ठेवलेले असते. माझा अनुभव असा की या माणसांकडे निग्रह बहुधा गरजेपेक्षा जास्तच असतो. दिवसभर तो ताणून झाल्यावर रात्री जे घडते, त्यालाच ती आपला खरा स्वभाव समजतात. गोव्यातील डिचोली या खाणपट्ट्यातल्या एका गृहस्थांची हकीकत यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पन्नाशीचे. एके काळी लोहखनिजाच्या खाणींवर त्यांचे दोन ट्रक चालत. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, आणि तोपर्यंत कर्जाच्या हप्त्यांपायी दोन्ही ट्रक विकले गेले होते. आता त्यांचे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. वजन वाढले, मधुमेह निघाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले होते; त्यामुळे घरात कोणाला त्याचे नवल वाटले नाही, फक्त सगळ्यांनी मिळून त्यांच्या ताटावर पहारा बसवला. डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले तेव्हा पत्नी सोबत होत्या. खुर्चीवर बसता बसताच त्या म्हणाल्या, “मॅडम, यांचा तोंडावर ताबा नाही, तेवढे सांगा यांना.” त्यावर गृहस्थ हसले. हे वाक्य ऐकून हसण्याची त्यांना सवय झालेली दिसत होती.

मी त्यांना आहाराचा तक्ता दिला नाही. तसे तक्ते त्यांच्याजवळ आधीच पुष्कळ होते. काय खाल्ले, किती वाजता आणि त्याआधी काय चालले होते, एवढेच लिहायला सांगितले. उष्मांक मोजायचे नाहीत आणि स्वतःला शेरेही द्यायचे नाहीत, अशी अट घातली. पुढच्या भेटीला त्यांनी बिलबुकातले कागद पाठकोरे वापरून आणले. त्यांतला एक दिवस असा होता: सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी, दोन चमचे भात आणि हुमण (माशांची आमटी), संध्याकाळी काही नाही, साडेआठला दुकान बंद करून गाड्यावर चार मिरची भजी आणि दोन पाव, नऊला जेवण, दहा वीसला शेव आणि बिस्किटे, “उभ्यानेच”. हा शेवटचा शब्द त्यांनी आपणहून लिहिला होता, आणि तो जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या नोंदीत होता.

या कागदांत दोन वेगळ्या भुका दिसत होत्या. साडेआठची भूक पोटाची होती. दुपारी जवळपास उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी तेलकट पदार्थावर तुटून पडतो, यात स्वभावदोष शोधण्याचे कारण नाही. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण करण्यात आले होते. त्या काळात त्यांच्या मनात अन्नाशिवाय दुसरा विषय उरेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांचे समाधान होईना. म्हणून खाण्याच्या ओढीवर काम करताना मी आधी जेवण नीट वेळेवर होते की नाही ते पाहते. या गृहस्थांनी सोमवारच्या जोडीला गुरुवारचाही उपास धरला होता. डॉक्टरांशी बोलून तो सोडला, दुपारचे ताट भरले आणि पाच वाजता मूठभर चणे ठरवले. गाड्यावरची भजी पुष्कळशी एवढ्यानेच सुटली.

दहा वाजताची भूक मात्र तशीच राहिली. ती एकदम येई, तिला शेवच हवी असे, भात किंवा फळ चालत नसे, आणि खाऊन झाल्यावर पोट जड होई पण समाधान होत नसे. मनाच्या अस्वस्थतेतून येणाऱ्या भुकेची ही नेहमीची लक्षणे आहेत. अशा वेळी सजगतेचा उपयोग होतो, म्हणजे आलेली ओढ न दडपता आणि तिच्या मागे न धावता ती शरीरात कुठे जाणवते हे पाहण्याचा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेवर आधारित ताणनिवारणाचे वर्ग सुरू केले. त्यांत एकच मनुका अतिशय सावकाश खाण्याचा सराव असतो. मी मनुक्याऐवजी त्यांच्याच घरची शेव आणायला सांगितली. चिमूटभर शेव त्यांनी आधी बोटांत धरून पाहिली, वास घेतला, जिभेवर ठेवली आणि न चावता थांबले. पहिल्यांदा मीठ लागले, मग ओवा, मग तेल. तिसऱ्या चिमटीला ते म्हणाले, “आता तर काहीच चव लागत नाही. मग मी अख्खी वाटी कशी खातो?” या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, कारण ते त्यांना रात्री दहा वाजता मिळणार होते.

ओढ ही लाटेसारखी असते, ती चढते, शिगेला पोचते आणि न खाताही ओसरते, असे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट व्यसनमुक्तीच्या कामात सांगत असत. समुद्रकाठच्या गोव्यात ही उपमा सहज पटावी असे मला वाटे. हे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, आम्ही खाणीकडची माणसे. लाट नको, चढ म्हणा.” मग आम्ही चढच म्हटले. ओढ आली की खुर्चीवर बसायचे, छातीत, घशात, जबड्यात काय होते ते पाहायचे, श्वास मोजून ओढायचा नाही, नुसता येऊ-जाऊ द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांनीही खावेसे वाटले तर खावे, मात्र ताटलीत घेऊन, बसून, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घाम सुटणे, हात थरथरणे, एकाएकी प्रचंड भूक लागणे असे झाले, तर ती रक्तातील साखर घसरल्याची खूण असू शकते. त्या वेळी ओढ पाहत बसू नये. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. काही औषधांनीही भूक वाढते, तेव्हा मनाकडे वळण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवलेली बरी.

काही आठवड्यांनी गृहस्थांनी सांगितले की ओढ येते तेव्हा घशात आवळल्यासारखे होते, आणि घरातले सगळे झोपायला गेल्यावरच ते होते. पूर्वी त्याच वेळेला ट्रक परत येत, ड्रायव्हर हिशेब द्यायला येत, अंगणात दिवा असे. ट्रक गेल्याबद्दल ते आजवर कोणाशी मोकळेपणाने बोलले नव्हते; ‘सगळ्यांचेच गेले, आपले काय वेगळे’ म्हणून गप्प राहिले होते. पुढच्या कित्येक भेटींत आम्ही खाण्याविषयी फारसे बोललोच नाही. माझ्या मते खरे काम तेथे झाले. सजगतेने फक्त त्याचा पत्ता दाखवला.

शेव पूर्ण सुटली असे नाही. गणेशचतुर्थीच्या दिवसांत नातेवाइकांचा आग्रह झाला, तेव्हा ते दोन नेवऱ्या (करंज्या) बसून चवीने खाऊन आले, आणि घरी येऊन चोरून काही खाल्ले नाही.

प्रत्येकाचे काम एवढ्यावर भागत नाही. थोड्या वेळात भरमसाट खाणे, थांबता न येणे आणि नंतर तीव्र अपराधी वाटणे हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत राहिले, तर तो अतिभक्षणाचा विकार असू शकतो. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र स्थान आहे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हेही गंभीर समजावे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. गोव्यात बांबोळी येथे सरकारी सोय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरही बोलता येते.

घरच्यांना मी एवढेच सांगते की डबे लपवू नयेत. लपवलेला डबा शोधण्यात आणि पकडले जाण्याच्या भीतीने भराभर उभ्याने खाण्यात ओढ वाढतेच. या गृहस्थांच्या पत्नीला हे पटायला वेळ लागला. शेवटी त्यांनी डबा माळ्यावरून काढून ओट्याजवळच्या फळीवर ठेवला, पण घरात शेव आणायची ती छोट्या पाकिटातच, ही आपली अट त्यांनी सोडली नाही, आणि मलाही ती रास्त वाटली.