सोलेनॉइड नवा टाकला तरी पी००१० परत येतोय? आधी वायर बघा

भाऊ, तुमचं सगळं वाचलं. म्हणजे पेट्रोल गाडी, ८० हजाराच्या वर चाललेली, चेक लाईट लागली, स्कॅनरवर पी००१० (P0010) हा फॉल्ट कोड, गॅरेजवाल्याने व्हीव्हीटीचा (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा) सोलेनॉइड, म्हणजे तिचं ऑइल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, नवा टाकला, तीन दिवसांनी लाईट परत हजर, आणि आता तो म्हणतोय ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय. एक मिनिट थांबा, ईसीएमचे पैसे एवढ्यात देऊ नका.

पी००१० आणि पी००११ शेजारी शेजारी असले तरी दोघांचं दुखणं वेगळं. पी००११ म्हणजे ईसीएमने सांगितलं त्यापेक्षा इनटेक कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) पुढे गेलाय, तिथे ऑइल, सोलेनॉइडच्या जाळीतला गाळ, अडकलेला व्हॉल्व्ह, टायमिंग चेन हे सगळं बघायचं. पी००१० म्हणजे त्या सोलेनॉइडचं सर्किट. आणि सर्किटमध्ये कॉइल आली, कपलर (वायरीचा प्लग) आला, दोन वायरी आल्या, फ्यूज आला, सगळ्यात शेवटी ईसीएम. पण गॅरेजमध्ये "सोलेनॉइडचा कोड आलाय" म्हणतात आणि पार्ट मागवतात, कारण पार्ट बदलायला दहा मिनिटं लागतात आणि वायर शोधायला अख्खी दुपार, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

आधी सोपं काम. इग्निशन बंद, कपलर काढा, सोलेनॉइडच्या दोन पिनांवर मीटर लावून ओहम बघा. बऱ्याच गाड्यांत थंड इंजिनावर ७-८ ओहम येतात, तुमच्या गाडीचा नक्की आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट. आणि हो, गरम इंजिनावर मोजू नका, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, थंडीत ७.४ असलेला सोलेनॉइड ९० डिग्रीला ९ च्या पुढे जातो आणि माणूस चांगला पार्ट भंगारात टाकतो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे सोलेनॉइड असतील आणि पार्ट नंबर सेम असेल तर आणखी सोपं, दोघांची अदलाबदल करा, कोड पी००१३ (एक्झॉस्टकडचं सर्किट) झाला तर सोलेनॉइडच खराब, पी००१० तसाच राहिला तर वायर.

आता माझी गोष्ट, कारण खरी गंमत वायरीत आहे. गाडी मुलुंडला बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये उघड्यावर उभी असायची. जुलै महिना, सायनच्या सिग्नलला स्लो वर गाडी थरथरायची, मग लाईट लागली. सोलेनॉइड बदलला, चार दिवसांनी परत, म्हटलं डुप्लिकेट लागला असेल, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन दुसरा आणला, तेच. मग ईसीएमचं कोटेशन आलं आणि माझं डोकं फिरलं. रविवारी स्वतः मीटर घेऊन बसलो तर कपलरवर १२.३ व्होल्ट, एकदम ओके! अर्धा दिवस त्या १२.३ ने मला फसवलं. मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीत एकच तार शिल्लक असली तरी तो १२ दाखवतो, आणि सोलेनॉइडला हवा दीड-पावणेदोन अँपिअर.

मग शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दिला, म्हणाले ह्याने बघ, मीटर सोड. २१ वॅटचा बल्ब साधारण तेवढाच करंट ओढतो. कपलरच्या सप्लाय पिनमधून बल्बला एक वायर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. इग्निशन ऑन केलं तर बल्ब निरांजनासारखा मिणमिणला. कपलरपासून वीतभर मागे वायरीवरची काळी नळी कापली तर आत उंदराचे दात उमटलेले, आणि त्या जखमेतून पावसाचं पाणी शिरून तांबं हिरवंगार, बोटाने दाबलं तर भुगा. मीटरभर नवी वायर, सोल्डर, हीट श्रिंक, काम खलास. लाईट त्यानंतर आलेली नाही.

बल्ब फक्त सप्लाय पिनला लावा, दुसरी पिन ईसीएमची कंट्रोल वायर असते, तिला बल्ब दाखवायचा नाही. काही गाड्यांत दोन्ही वायरी थेट ईसीएमकडे जातात, तिथे हा प्रयोग करूच नका, वायरिंग डायग्राम बघूनच हात घाला. कंट्रोल वायर बघायची असेल तर बॅटरी आणि ईसीएमचा कपलर दोन्ही काढून मगच. आणि वायरीला टाचणी टोचून तपासणारे मिस्त्री असतात, त्यांना लांब ठेवा, मुंबईच्या दमट हवेत त्या भोकातूनच पुढच्या पावसाळ्यात हिरवं होतं. कपलरच्या पिना सैल झाल्यात का, आत तेल पाझरलंय का तेही बघून घ्या.

ऑइलचं विचारलंत म्हणून, पी००१० ऑइल बदलून जाणार नाही. पण ८० हजार झालेत तर सोलेनॉइड बाहेर असताना जाळी साफ करून घ्या, ओ-रिंग नवी टाका, आणि बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतो तेव्हा हात आवरा. ऑइल बदलायला १० हजार किलोमीटर व्हायची वाट बघणं आपल्याकडे चालत नाही. शहरात ताशी २० चा वेग धरला तर १० हजार किलोमीटर म्हणजे इंजिन ५०० तास चाललं, हायवेवर ६० ने तेच अंतर १६७ तासांत होतं. म्हणून मी ५-६ हजारालाच बदलतो, ग्रेड मात्र मॅन्युअलमध्ये दिलाय तोच.

आणि गॅरेजवाल्याकडून तुमचा जुना सोलेनॉइड मागून घ्या, ओहम बरोबर आले तर डिकीत पडू द्या. माझ्याकडे असे दोन आहेत, दोन्ही ठणठणीत.