हेडमास्तरांना दिसत नाही का?

"मॅडम, हा सारखा हॅरी पॉटर वाचतो आणि आता शाळेत जायलाच घाबरतो, पुस्तकं बंद करू का?" गेल्या पावसाळ्यात एक आई माझ्याकडे ठाण्यात नौपाड्यात सल्ला घ्यायला आल्या, सोबत सातवीतला मुलगा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. दर मंगळवारी न् शुक्रवारी सकाळी याच्या पोटात दुखायचं, सोनोग्राफीसुद्धा झाली, काही निघालं नाही. मी टाइमटेबल मागितलं. त्याच दोन दिवशी गणिताचे डबल पिरियड.

शाळेबद्दल बोलेना म्हणून पुस्तकाचं विचारलं, तर गडी सुटलाच. हॅरीच्या जादूच्या शाळेतले स्नेप सर नेव्हिल नावाच्या भित्र्या मुलाला वर्गात इतकं टाकून बोलतात की तिसऱ्या भागात तो बॉगार्ट, म्हणजे ज्याची ज्याला सगळ्यात जास्त भीती त्याचं रूप घेणारा जादुई प्राणी, नेव्हिलसमोर येतो तो स्नेप सर बनूनच, आणि हेच सर ज्या गटाचे प्रमुख त्या स्लिदरिनच्या पोरांना मात्र सगळं माफ. मग एकदम म्हणाला, "हेडमास्तर डम्बलडोर तर चांगलेत ना, मग त्यांना दिसत नाही का?"

"तुला काय वाटतं?"

"दिसतं. पण शत्रूच्या गोटात हेरगिरीला त्यांना स्नेप लागतात." थोडं थांबून, "आमच्या सरांचा पण रिझल्ट चांगला लागतो."

बारा वर्षांचं पोर हो! मोठ्यांना जे कबूल करवत नाही ते याने दोन वाक्यांत सांगितलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं, पण सर कडक आहेत, शिस्तीचे आहेत म्हणून चालवून घेतात, आणि पालक गप्प कारण पुढे दहावीला प्रत्येक विषयाचे 20 मार्क शाळेच्याच हातात.

नंतर त्याने वही दाखवली. एका पानावर मधोमधच नावाचं लेबल चिकटवलेलं. नखाने हळूच सोललं, खाली लाल पेनने लिहिलेलं, 'बापाची रिक्षाच चालव'. वडिलांना दिसू नये म्हणून लेबल लावलं होतं.

आईंना म्हटलं, पुस्तकं अजिबात बंद करू नका, त्यातूनच तर तो बोलला. भीती पुस्तकातून आलेली नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17, यात मुलाला मारायलाच नाही तर मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे आणि कोणी दिला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं. तोंडी तक्रार हवेत विरते, म्हणून तारीख, नेमके शब्द आणि पानाचा फोटो लावून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, आणि पोच घ्यायचीच. आपल्या घरी असं असेल आणि कुणाशी बोलावं कळत नसेल तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

अर्ज द्यायला वडील रिक्षा शाळेसमोर लावून खाकी शर्टातच आत गेले, शिक्का मिळेपर्यंत हलले नाहीत. दिवाळीनंतर मुलाची तुकडी बदलून मिळाली आणि पोटदुखी हळूहळू थांबली. सर मात्र जुन्या वर्गाला शिकवतायत तसेच, तिथे अजून चाळीसेक पोरं आहेत, म्हणून दुसरा अर्ज आता शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलाय, या वेळी तीन पालकांच्या सह्या आहेत.